चालता चालता बंद पडणारी पद्मिनी : पेट्रोल नेमकं कुठं अडतं, हे असं शोधा

जुनी पद्मिनी बाळगणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. दुपारी ऊन तापलं, चढ लागला, की झटके देते आणि बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू. गॅरेजला नेली तर बरेचदा पहिलंच वाक्य कानावर येतं, "कार्बोरेटर गेलाय." नवा कार्बोरेटर बसतो, पैसे जातात आणि आठ दिवसांनी गाडी त्याच चढावर पुन्हा उभी राहते.

कार्बोरेटर हा पेट्रोलच्या वाटेवरचा शेवटचा मुक्काम आहे. त्याच्याआधी टाकी आहे, टाकीचं झाकण आहे, नळ्या आहेत, फिल्टर आहे, पंप आहे. यातलं काहीही बिघडलं तरी गाडी तशीच बंद पडते. त्यामुळे पार्ट बदलण्याआधी पेट्रोलचा रस्ता एका टोकापासून तपासला, तर बिघाड बहुतेक वेळा स्वस्तातल्या एखाद्या वस्तूत सापडतो. हा रस्ता कसा तपासायचा, कोणती कामं घरी करता येतात आणि कोणती मेकॅनिकवर सोडावीत, ते इथे क्रमाने दिलं आहे.

उदाहरण पद्मिनीचं घेतलं असलं तरी कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर, पेट्रोल जीप किंवा पहिल्या पिढीतल्या मारुती ८०० लाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

गाडी जुनी, पण यंत्रणा सरळ

पद्मिनी ही मूळची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती बनत होती. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली आणि पुढे त्याच गाडीचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरात माहीत झाली. या टॅक्सींना २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. खासगी गाड्या मात्र अजून गावोगावी आहेत. कुणाच्या वडिलांची आठवण म्हणून, कुणाकडे लग्नाच्या वरातीसाठी.

या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. डिकीकडच्या टाकीतून धातूच्या नळीने पेट्रोल पुढे येतं. इंजिनाच्या बाजूला बसवलेला पंप ते ओढतो. मेकॅनिक लोक याला 'एसी पंप' म्हणतात. इंजिन फिरलं की आतली दांडी हलते, पंपातला रबरी पडदा म्हणजे डायफ्राम खाली-वर होतो आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकललं जातं. कार्बोरेटरच्या छोट्या वाटीत पेट्रोल साठतं. वाटी भरली की फ्लोट वर येऊन नीडलने तोंड बंद करतो, अगदी घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं. वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्राच्या जेटमधून हवेत मिसळून इंजिनात जातं. एवढीच ही यंत्रणा, म्हणूनच तिचा बिघाड डोळ्यांनी पाहून शोधता येतो.

हात लावण्याआधी चार गोष्टी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि लांबवरच्या ठिणगीनेही पेट घेते. म्हणून काम उघड्यावर, सावलीत, इंजिन थंड झाल्यावर करावं. विडी-सिगारेट, चूल, वेल्डिंग, ग्राइंडर जवळपास नको. रात्री बॅटरीचा उजेड घ्यावा, काडी पेटवून टाकीत बघण्याचा विचारही करू नये.

आग विझवायला ड्राय पावडरचं सिलिंडर किंवा कोरड्या वाळूची बादली हाताशी ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे जातं आणि आग पसरते.

तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवय गावात सर्रास दिसते. ती जीवघेणी आहे. पेट्रोलचा थोडासा घोट श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाला गंभीर इजा होते. कुणाच्या पोटात पेट्रोल गेलंच तर उलटी करायला लावू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरू शकतं. सरळ दवाखाना गाठावा. पेट्रोल काढायला हाताने दाबायचा रबरी पंप मिळतो, तो वापरावा.

गाडी सुरू होत नाही म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारणं हाही तसलाच प्रकार. इंजिनाने उलटा भडका मारला तर ज्वाळा थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर येते. बॉनेटमध्ये पेट्रोलचा डबा टांगून गाडी घरापर्यंत नेण्याचा जुगाड तर कधीच करू नये.

पहिला प्रश्न : पेट्रोल नाही, की करंट नाही?

गाडी बंद पडली की सगळे पेट्रोलच्या मागे लागतात. पण गरम झाल्यावर बंद पडणं आणि थंड झाल्यावर सुरू होणं हे कॉइल किंवा कंडेन्सर खराब झाल्याचंही लक्षण आहे. हे दोन्ही पार्ट गरम झाले की दम सोडतात आणि गार झाले की पुन्हा काम करतात. लक्षण तेच, कारण वेगळं. त्यामुळे आधी हा निवाडा करायचा.

गाडी बंद पडली त्याच जागी, लगेच ही तपासणी करा. थंड झाल्यावर करून उपयोग नाही, कारण तोवर बिघाड लपलेला असतो.

इंजिन बंद, चावी बंद. एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात वरून पाहा. चेहरा तोंडावर आणू नका, थोडं बाजूने पाहा. अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने एकदा झटक्यात ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे. मग दोष बहुधा करंटकडे आहे. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट तपासायला घ्या. पिचकारी आलीच नाही, किंवा नुसते दोन थेंब आले, तर पेट्रोल पोहोचत नाही असं समजून पुढच्या पायऱ्या करा.

या एका मिनिटाच्या तपासणीने अर्धी गाडी तपासून होते.

टाकी आणि तिचं झाकण

सर्वांत आधी टाकीत पेट्रोल आहे का, ते पाहा. जुन्या गाडीच्या मीटरचा काटा खोटं बोलतो. स्वच्छ, कोरडी काठी टाकीत घालून ओल पाहिली तर खरं काय ते कळतं.

नंतर झाकण. टाकीतून पेट्रोल कमी होतं, तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला किंवा टाकीला बारीक वाट असते. ती धुळीने, मातीने किंवा कुंभारमाशीच्या घरट्याने बुजली, की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. अशी गाडी काही किलोमीटर नीट चालते, मग बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. हवा आत शिरताना 'फुस्स' असा आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर चोर सापडला. झाकणाची वाट साफ करा किंवा त्या मापाचं नवं झाकण घ्या. कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं, वाट नसलेलं झाकण बसवल्यानेही हाच त्रास होतो.

तिसरं म्हणजे तळातली घाण आणि पाणी. गाडी महिनोन् महिने उभी असेल तर टाकीला आतून गंज चढतो. टाकीच्या तळाला ड्रेनचा नट असेल तर तो सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. लालसर गाळ दिसला तर तो गंज. थोडा गाळ असेल तर टाकी रिकामी करून साफ करता येते. गंज जास्त असेल तर टाकी खाली उतरवावी लागते.

एक गोष्ट ठामपणे लक्षात ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच धोकादायक असते. आत वाफ राहिलेली असते. गळकी टाकी वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेली तर स्फोट होऊ शकतो. हे काम टाकी नीट धुऊन, वाफ काढून, जाणकारानेच करायचं.

नळी गळत नाही, तरी हवा ओढते

टाकी ते पंप या भागात पंप पेट्रोल ओढत असतो. इथल्या रबरी नळीला बारीक चीर असली, क्लिप सैल असली, तर पेट्रोल बाहेर येईलच असं नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. नळी कोरडी दिसते, सगळे म्हणतात नळी ठीक आहे आणि पंप मात्र हवा पीत बसतो. विहिरीवरच्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह किंवा सक्शनचा पाइप हवा पकडतो, तेव्हा पाणी उचलत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. इथंही तेच घडतं.

पंप ते कार्बोरेटर या भागात मात्र पेट्रोल दाबाने जातं. तिथे चीर असली तर पेट्रोल बाहेर येतं, आणि तेही गरम इंजिनावर. आग लागण्याची ही सगळ्यात मोठी जागा.

म्हणून नळ्या हाताने वाकवून पाहा. वाकवल्यावर भेगा दिसल्या, नळी कडक झाली असेल, किंवा उलट फुगून मऊ झाली असेल, तर ती बदला. थोडाच भाग खराब आहे म्हणून तेवढाच तुकडा कापून जोडू नका. शेतीतल्या फवारणीची किंवा पाण्याची प्लास्टिक नळी इथे अजिबात चालत नाही. पेट्रोलने ती काही दिवसांत कडक होते आणि गरम इंजिनाजवळ मऊ पडून निसटते.

फिल्टर टाकी आणि पंपाच्या मध्ये, गरम भागापासून लांब असावा. त्यावर बाण असतो. तो पेट्रोल जाण्याच्या दिशेने हवा. पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसला म्हणून घाबरू नये. इंजिन जोरात चालवल्यावरही पेट्रोल वाहत राहिलं तर ते ठीक आहे. पण तळाला लाल माती किंवा काळे कण दिसले तर फिल्टर बदला आणि ते कण कुठून आले, ते शोधा.

पंपाची बाटली टेस्ट

पंप चांगला की खराब, हे ठरवण्याची पद्धत सोपी आहे, पण दोन माणसं लागतात.

इंजिन थंड असू द्या. कॉइलला येणारी बारीक वायर काढून टेप लावून बाजूला ठेवा, म्हणजे कुठेही ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरला येणारी नळी सोडवून तिचं टोक काचेच्या पारदर्शक बाटलीत घाला. बाटली इंजिनापासून लांब धरा. दुसऱ्याने पाच-सहा सेकंद सेल्फ मारावा.

दर झटक्याला पेट्रोलची ठसठशीत पिचकारी आली, तर टाकीपासून पंपापर्यंत सगळं ठीक आहे. आता कार्बोरेटर पाहायचा.

पेट्रोलबरोबर बुडबुडे येत राहिले, तर मागची नळी किंवा जोड हवा ओढतोय.

अगदी बारीक धार आली किंवा काहीच आलं नाही, तर दोष पंपात आहे की मागे टाकीकडे, हे वेगळं करावं लागतं. त्यासाठी पंपाकडे येणारी नळी सोडवून, पंपाला एक छोटी चांगली नळी जोडा आणि तिचं दुसरं टोक स्वच्छ पेट्रोल असलेल्या धातूच्या डब्यात बुडवा. पुन्हा सेल्फ मारा. आता धार चांगली आली तर पंप निर्दोष, अडथळा मागे. तरीही धार नाही, तर पंप उघडायची वेळ आली.

पंपाची आणखी एक खूण आहे. इंजिन ऑइलची काडी काढून पाहा. ऑइल वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरत असण्याची मोठी शक्यता आहे. कार्बोरेटर सतत ओव्हरफ्लो होत असेल तरीही पेट्रोल सिलिंडरमधून झिरपून ऑइलमध्ये मिसळतं. कारण कोणतंही असो, अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये. पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं आणि डायफ्रामच्या खर्चात भागणारं काम इंजिनावर येतं. बिघाड काढा, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, मगच सेल्फ मारा.

पंप मिळत नाही म्हणून नव्या गाडीचा टाकीतला इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो घेऊ नये. इंजेक्शनच्या गाडीतला पंप साधारण ३ बार, म्हणजे ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो. कार्बोरेटरला जेमतेम २ ते ४ पीएसआय पुरतो. जास्त दाबाने नीडल उघडी राहते, पेट्रोल उतू जातं आणि गरम इंजिनावर सांडतं. इलेक्ट्रिक पंप बसवायचाच असेल तर कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचाच घ्यावा आणि इंजिन बंद झालं की पंपही बंद होईल, अशी वायरिंग जाणकाराकडून करून घ्यावी.

"उन्हाने पेट्रोल उकळतं" हे किती खरं?

यात तथ्य आहे. पेट्रोलमधले सर्वांत हलके घटक साधारण ४० अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात बाहेरचंच तापमान त्याच्या वर जातं, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली की पंप ती ढकलू शकत नाही आणि पेट्रोल तुटतं. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

अशा वेळी बॉनेट उघडून गाडी सावलीत उभी करावी. पंपावर आणि पेट्रोलच्या नळीवर ओला फडका ठेवावा. जुने ड्रायव्हर हेच करत आणि ते बरोबर होतं. मात्र गरम इंजिनावर किंवा सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर बादलीने पाणी ओतू नये, बीडाला तडा जाऊ शकतो.

पण रोजच ओला फडका लागत असेल तर तो उन्हाचा दोष नाही. गाडी नवी होती तेव्हाही मे महिना होताच. थकलेला पंप आणि हवा ओढणारी नळी थंडीत कसंबसं काम भागवतात, उन्हात उघडी पडतात. म्हणून आधी नळी आणि पंप तपासा. मग पाहा, नळी सायलेन्सरच्या पाइपला चिकटून जाते का. पंप आणि इंजिनाच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड तुकडा असतो, तो कुणी काढून टाकला आहे का. तो जाड-बारीक झाला तरी पंपाची दांडी कमी-जास्त हलते आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. रेडिएटर तुंबलेला किंवा फॅनबेल्ट ढिला असेल तरी बॉनेटखालची उष्णता वाढते.

आता कार्बोरेटर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तरच कार्बोरेटरकडे वळावं. त्याचा प्रत्येक बिघाड वेगळी खूण देतो.

गाडी रेसवर चालते, पण स्लोवर थांबत नाही : स्लोचा जेट बुजलेला असतो, किंवा कार्बोरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून हवा जाते.

स्लोवर चांगली, पण वेग घेताना किंवा चढावर दम सोडते : मेन जेटमध्ये कचरा, किंवा वाटीत पेट्रोल कमी.

पाय एकदम दाबला की गाडी अडखळते, मग पळते : अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम थकला.

काळा धूर, पेट्रोलचा वास, अ‍ॅव्हरेज घसरलं, प्लग काळे : पेट्रोल जास्त जातंय. चोक पूर्ण उघडतो का पाहा, एअर फिल्टर पाहा, मग नीडल आणि फ्लोट. फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे. पीयूसीमध्ये गाडी नापास होण्यामागेही हेच कारण असू शकतं.

प्लग पांढरे फटक : पेट्रोल कमी, हवा जास्त. प्लगचा रंग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य.

जेट साफ करताना तार किंवा सुई घालू नये. जेट पितळेचा, मऊ असतो. छिद्र केसभर मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पिऊ लागते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा आहे. स्क्रू फिरवण्याआधी तो किती आटे बाहेर होता, ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर नेमकं काय बिघडलं होतं, हे कधीच कळत नाही.

इथेनॉलच्या पेट्रोलने काय बदललं?

देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, म्हणजे 'ई-२०' ची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचलं. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल त्यात असतं आणि साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे, हे खरं. पण पद्मिनी बनली तेव्हा हे पेट्रोल नव्हतं. त्यामुळे जुन्या गाडीला तीन गोष्टींची काळजी घ्यावी लागते.

पहिली, रबर. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, डायफ्राम, वॉशर इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात किंवा सुकल्यावर तडकतात. नवे पार्ट घेताना दुकानदाराला "इथेनॉलला चालणारे द्या" असं स्पष्ट सांगा. चांगल्या नळीवर 'एसएई जे३० आर९' अशा अर्थाचा छाप असतो. नीडल, डायफ्राम आणि गॅस्केटचं किट घेतानाही हेच विचारा.

दुसरी, पाणी. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. पंप नेमका तळातूनच ओढतो. मग गाडी सुरूच होत नाही आणि टाकी, कार्बोरेटरही आतून गंजतो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर हे हमखास सांभाळावं.

तिसरी, मिश्रण. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ किलोच लागते. म्हणजे ई-२० वर त्याच हवेसाठी थोडं जास्त इंधन हवं. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरचा जेट मात्र ठरलेल्या मापाचा असतो. आधीच पेट्रोल कमी जात असलेली गाडी त्यामुळे अडखळू शकते, गरम होऊ शकते. प्लग पांढरे दिसत असतील तर जाणकार मेकॅनिककडून एक माप मोठा जेट लावून पाहता येतो. जेट ड्रिलने मोठा करू नये. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणारच. तेवढ्यासाठी कार्बोरेटर बदलण्यात अर्थ नाही.

गाडी उभीच असते त्यांच्यासाठी

वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या गाडीत बिघाड जास्त होतात. पेट्रोल महिनोन् महिने साठलं की त्यातले हलके घटक उडून जातात आणि उरलेल्याचा चिकट थर जेटमध्ये बसतो. पंधरा दिवसांतून एकदा गाडी सुरू करून पाच-दहा किलोमीटर फिरवून आणा. नुसती दारात सुरू करून बंद केली तर इंजिन पुरतं गरमही होत नाही. सहा महिने गाडी काढायचीच नसेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवणं बरं. खूप दिवसांनी गाडी काढताना जुनं पेट्रोल बाहेर काढा, नळ्या पाहा आणि मगच ताजं पेट्रोल भरा.

पेट्रोलच्या दर्जाबद्दल शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागता येते, तो ग्राहकाचा हक्क आहे. मुसळधार पावसानंतर पंपाच्या टाकीत पाणी गेल्याची शंका असेल, तर त्या दिवशी टाकी फुल्ल करू नये.

थोडक्यात क्रम

१. गाडी बंद पडल्याबरोबर पिचकारी पाहा : पेट्रोल की करंट, ते ठरवा.

२. टाकीत काठी घाला, झाकण उघडून 'फुस्स' आवाज ऐका.

३. बरणीत पेट्रोल काढून पाणी आणि गाळ पाहा.

४. नळ्या वाकवून पाहा, क्लिप आवळा, फिल्टर पाहा.

५. बाटली टेस्ट करा, ऑइलची काडी पाहा.

६. हे सगळं ठीक असेल तरच कार्बोरेटर उघडा.

पहिल्या चार पायऱ्या कोणालाही जमतात. टाकीचं वेल्डिंग, पंपाची ओव्हरहॉलिंग, फ्लोटची लेव्हल आणि जेट बदलणं ही कामं जुन्या गाड्यांचा हात असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्यावीत. त्याच्याकडे जाताना "गाडी बंद पडते" एवढंच सांगू नका. कधी, किती किलोमीटरवर, गरम की थंड, पिचकारी येते की नाही, हे सांगा. निम्मं निदान तिथंच होतं आणि नको तो पार्ट गळ्यात पडत नाही.

गाडी अडखळत असेल तर ती दोन दिवस तशी चालवता येते. पण पेट्रोल गळत असेल, बॉनेटखाली ओल दिसत असेल किंवा गाडीत बसल्यावर वास येत असेल, तर चावी फिरवू नका. नळी बदलल्याशिवाय गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा.